लखू : एका कंदिलाच्या कामाची वही (दिवाळी २०२४)

फराळाच्या जाहिरातीसाठी एक हसरं पात्र तयार करण्याचं काम या दिवाळीत केलं. एकटीनेच, घरच्या एका संगणकावर, ब्लेंडर ४.२ (त्रिमितीय चित्रं काढून हलवायची संगणक प्रणाली) वापरून. काम चालू असताना रोज रात्री वहीत लिहीत गेले, त्या नोंदी जवळजवळ तशाच देते आहे. असं काम पहिल्यांदा अंगावर घेणाऱ्याचे चार दिवस तरी वाचतील. माझे गेले ते सगळे खाली आहेत.

९ सप्टेंबर, सोमवार

काम पक्कं झालं. पुण्यातल्या पेठेत गेली अनेक वर्षं फराळ करून विकणाऱ्या एका काकूंचं. वीस सेकंदांची जाहिरात, मोबाइलवर चालणारी. एक आडवी, एक उभी. मागणी एवढीच : "दिवाळीचं वाटेल असं हसरं काहीतरी कर, लोकांच्या लक्षात राहील असं."

काकूंच्या मुलाला ती सिनेमागृहातही लावायची होती. चित्रपटगृहात जाहिरातीलाही सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं, त्यात वेळ जाईल, असं सांगितल्यावर त्याने तो विचार सोडला.

ठरलेले पैसे ८५,०००. त्यातले ३०,००० आज मिळाले. दसरा १२ ऑक्टोबरला आहे, फराळाच्या ऑर्डरी त्यानंतर सुरू होतात, म्हणून १४ ऑक्टोबरला काम द्यायचं. हातात पाच आठवडे.

११ सप्टेंबर

दिवसभर नुसती चित्रं. पणती, करंजी, अनारसा, किल्ल्यावरचा मावळा, उटण्याची वाटी, आकाशकंदील. एकूण बेचाळीस. प्रत्येकाला डोळे आणि मोठं हसू.

संध्याकाळी सगळी भिंतीवर लावून लांबून पाहिली, तर सगळ्यांचा चेहरा एकच! पणतीचं हसू करंजीला लावलं तरी काही बिघडत नव्हतं. मग बेचाळीसही चित्रं आतून काळी करून टाकली, फक्त बाहेरचा आकार ठेवला. त्यात पाहताक्षणी ओळखू आले दोनच, मावळा आणि कंदील. पणती वाटीसारखी दिसत होती आणि करंजी अर्ध्या चंद्रासारखी.

मावळा घेतला असता, पण काकूंच्या फराळाशी त्याचं काय नातं? कंदील ठरला. बांबूच्या कामट्यांचा, मधे चौकोन, वर-खाली त्रिकोण, कडांना कागदी करंज्या, खाली झिरमिळ्या. पारंपरिक.

१४ सप्टेंबर

काकूंच्या घरी गेले. खालच्या खोलीत भाजणी चालली होती, वर आम्ही बसलो. काकूंनी चित्रं एकेक करून पाहिली.

"छान आहे गं. पण याला हात-पाय लाव. ताट कसं धरणार हा?"

मुलगा म्हणाला, "ताई, आमच्या लहानपणी गट्टू होता ना रंगाच्या डब्यावर, तसा लक्षात राहायला हवा."

गट्टू मलाही आवडतो. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये एशियन पेंट्ससाठी काढलेला मुलगा. घरी येऊन त्याची जुनी चित्रं समोर ठेवली. कपाळावरून डोळ्यावर आलेली झुलपं, हातात ब्रश आणि रंगाचा डबा. पोरगा कुठल्याही क्षणी भिंतीचा सत्यानाश करील अशी त्याची उभं राहण्याची तऱ्हा. तो लक्षात राहतो तो त्या खोडकरपणामुळे. हे वहीत लिहिलं आणि तरीही दुसऱ्या दिवशी काकूंनी सांगितलेले हात-पाय कंदिलाला लावायला बसले. ती चूक पुढे आठ दिवस पुरली.

नाव मात्र आज मिळालं. भाजणी हलवणाऱ्या मावशी वर आल्या, चित्र पाहून म्हणाल्या, "कसा लखलखतोय बघा लखू." तेच ठेवलं.

१७ आणि १८ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी. कागदाचे आवाज आज ध्वनिमुद्रित करायचे ठरवले होते, ते पेठेत राहून शक्यच नव्हतं. विसर्जन दुसऱ्या दिवसापर्यंत चाललं. दोन दिवस काम बंद. वेळापत्रक करताना हे मनात आलं नव्हतं. गणपती ते दिवाळी या काळात पुण्यात काम करणाऱ्याने हे दिवस आधीच वगळून ठेवावेत.

१९ सप्टेंबर

मामाकडे जाऊन खरा कंदील केला. मामा दर वर्षी घरी करतो, कामट्या स्वतः तासतो. बोहरी आळीतून पतंगी कागद, दोरा, एक होल्डर आणि दिवा आणला. खर्च ६४० रुपये. या कामात सगळ्यात उपयोगी पडलेले पैसे हेच.

चित्रात मी लखूला पांढरे गोल डोळे काढले होते, मधे काळं बुबुळ. मामाच्या कंदिलावर तसेच पांढऱ्या कागदाचे गोल चिकटवले. दिवसा सुरेख दिसले. रात्री आत दिवा लावला आणि डोळे मळकट, करडे झाले. भोवतालचा केशरी कागद झगझगतोय आणि डोळे विझलेले! केशरीवर पांढरा, असे दोन थर झाले की उजेड कमीच येणार. एरवी हे मला सुचलं नसतं.

मामा म्हणाला, "अगं, वरून कशाला चिकटवतेस? केशरी कागद कापून काढ आणि त्या भोकावर आतून पांढरा लाव."

तसं केलं. एकच पांढरा थर, तोही केशरीपेक्षा पातळ. आता डोळे हीच कंदिलातली सगळ्यात उजळ जागा झाली. बुबुळ काळ्या घोटीव कागदाचं, ते दिवसाही काळं आणि रात्रीही काळं. संगणकातला लखूही याच पद्धतीने बांधायचा : पृष्ठभागावर रंगवलेले डोळे नाहीत, कापलेली भोकं आणि मागे वेगळा कागद.

२२ सप्टेंबर

तीन दिवस लखूला चालवते आहे. जमत नाही.

लखूला हलवता यावं म्हणून आत सांगाडा बसवायला एका मित्राची मदत घेतली, त्याचे १२,००० ठरले. त्याने पाय उत्तम बांधून दिले, गुडघे नीट वाकतात. पण लखू चालला की तो कंदील राहत नाही. कंदिलाचा वेश घातलेला कोणीतरी वाटतो. हात लावल्यावर तर करंज्या बाह्यांसारख्या दिसायला लागल्या. पावलांची लय बदलली, उड्या मारायला लावलं, पाय आखूड केले. आखूड पायांनी तो पिंपासारखा दिसला.

आज रात्री अडीचला बंद केलं.

२४ सप्टेंबर, मंगळवार

पाय काढले. हातही काढले.

झालं असं, सकाळी मामाचा कंदील गॅलरीत टांगला होता. वारं आलं, तो हलला, थोडा स्वतःभोवती फिरला, झिरमिळ्या मागून आल्या आणि मी हातातला चहा तसाच धरून पाहत राहिले. त्याला काही करायची गरजच नव्हती. कंदील टांगलेला असतो. त्याचं सगळं जगणं त्या एका दोरीवर. खाली काय चाललंय ते त्याला दिसतं, पण तिथे जाता येत नाही. जाता येत नाही म्हणूनच तो झोका घेणार, वाकणार, झिरमिळी ताणून पाहणार. मी त्याला पाय देऊन त्याची सगळी धडपडच काढून घेतली होती.

गोष्टही त्यातूनच सुटली. नरकचतुर्दशीची पहाट. गॅलरीत कंदील लागतो, लखू डोळे उघडतो. खाली कट्ट्यावर फराळाचा डबा. लखू झोका घेऊन झिरमिळीने झाकणाला हात लावायचा प्रयत्न करतो. दोनदा चुकतो. तिसऱ्यांदा वारा येतो, झिरमिळी लागते, झाकण सरकतं. एका लहान मुलाचा हात चौकटीत येतो, चकली उचलतो आणि आधी वर, लखूला दाखवतो.

मित्राला फोन करून पाय नकोत म्हणून सांगितलं. त्याचे चार दिवस फुकट गेले होते, ते पैसे अर्थातच दिले.

काकूंना फोनवर समजावणं अवघड गेलं. "अगं, पण ताट?" एवढंच त्या म्हणत राहिल्या. शेवटी मामाचा कंदील गॅलरीत हलताना दहा सेकंद टिपून पाठवला. अर्ध्या तासाने उत्तर आलं : "बरं. दोरीच ठेव."

२६ सप्टेंबर

झोका. आज दिवसभर हेच.

पहिल्यांदा एक पूर्ण हेलकावा २४ फ्रेमचा (फ्रेम म्हणजे हालचालीतलं एकेक स्थिर चित्र) ठेवला, म्हणजे साधारण एका सेकंदात जाऊन परत. तो आनंदी वाटला, पण किल्ल्यांच्या जुडग्याला लावलेल्या खेळण्याएवढा दिसला. कंदिलाचा आकार वाढवला, कॅमेरा जवळ नेला. उपयोग नाही. संध्याकाळी मामाच्या कंदिलाला झोका देऊन घड्याळ लावलं आणि कारण कळलं.

हेलकाव्याला किती वेळ लागतो हे टांगण्याच्या लांबीवर ठरतं. खुंटीपासून कंदिलाच्या मध्यापर्यंत एक मीटर असेल, तर जाऊन-येऊन दोन सेकंद. पाव मीटर असेल तर एक सेकंद. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर अनुक्रमे ५० आणि २५. मी चित्रात एक मीटर दोरी दाखवत होते आणि हेलकावा पाव मीटरचा देत होते. पाहणाऱ्याला हे गणित माहीत नसतं, पण झोके आणि कंदील त्याने लहानपणापासून पाहिलेले असतात. त्याला ते खोटं वाटतंच.

मग ५० फ्रेम करून पाहिल्या. आकार खरा वाटला, पण लखू थकलेला, विचारात पडलेला दिसला. संथ झोक्याने पात्र उदास होतं.

उपाय दोरीत निघाला. दोरी आखूड केली, खुंटीपासून मध्यापर्यंत ४० सेंटिमीटर. हेलकावा १.२७ सेकंदांचा, म्हणजे ३२ फ्रेम. मोठा कंदील आणि तरीही चपळ. याहून आखूड केली तर कंदील खुंटीला चिकटल्यासारखा दिसतो.

झिरमिळ्या आठ. प्रत्येकीत पाच सांधे. सगळ्या हाताने हलवायच्या तर पाच आठवडे त्यातच जातील. म्हणून एकच नीट हलवली, अंगापेक्षा चार फ्रेम मागे राहील अशी, आणि तिची हालचाल बाकी सातांना दिली, प्रत्येकीला दोन फ्रेम उशीर करून. त्या कवायत करत असल्यासारख्या दिसल्या. उशीर कमी-जास्त केला, कुठे एक, कुठे तीन, दोघींना मुद्दाम सारखाच. मग कागद वाटला.

२९ सप्टेंबर

चेहरा. लखूला तोंड नाही हे आज ठरलं.

तोंड काढूनच सुरुवात केली होती. एक लाल अर्धगोल, तोही कापलेला कागद. स्थिर चित्रात गोड. हलायला लागल्यावर मात्र सगळं लक्ष त्या तोंडाकडे जातं, आणि ते एकच भाव वीस सेकंद धरून बसलेलं. झिरमिळी चुकते तेव्हाही हसतोय! बंद तोंड, उघडं तोंड, वाकडं तोंड असे पाच तुकडे करून पाहिले. उजेडातला आकार बदलला की कंदील फाटल्यासारखा दिसतो.

तोंड लपवून नुसते डोळे पाहिले. आरशासमोर बसून स्वतः हसले, तोंडावर हात धरला. खरं हसताना गाल वर येतात आणि खालची पापणी उचलली जाते. नुसते ओठ ताणले तर डोळ्यांखाली काहीच होत नाही. म्हणून लखूला खालच्या पापण्या दिल्या, केशरी कागदाच्या दोन चकत्या, भोकाच्या खालून वर सरकणाऱ्या. त्या अर्ध्या वर आल्या की तो हसतो. पूर्ण खाली आणि बुबुळ लहान, की दचकतो. वरची पापणी फक्त पहाटेच्या जागं होण्याला वापरली.

तोंड नसल्यामुळे ओठ बोलण्याशी जुळवायचं कामही गेलं. लखू बोलत नाही. शेवटची एक ओळ बाईच्या आवाजात येईल.

काकूंच्या मुलाला शंका होती, "ताई, हसरं पात्र आणि तोंडच नाही?" त्याला तोंडासकट आणि तोंडाशिवाय अशा दोन चित्रफिती, कुठली कोणती ते न सांगता पाठवल्या. त्याने बिनतोंडाची निवडली. पुढे हा विषय निघाला नाही.

२ ऑक्टोबर

चकली नापास झाली.

डब्यातली चकली मी एका गुंडाळलेल्या नळीतून बनवली होती. काकूंना मोठी करून दाखवली. त्यांनी चष्मा वर केला.

"ही सोऱ्यातून आलेली नाही. काटा कुठे आहे हिला? आणि शेवट असा मोकळा सोडलास तर तेलात सुटून जाईल की. शेवट दाबून बसवायचा असतो."

खालून एक घाणा नुकताच निघाला होता. त्यातली चकली माझ्या हातावर ठेवून त्यांनी बोटाने काटे दाखवले. सोऱ्याच्या चकतीला जो चांदणीचा आकार असतो त्याचे कोपरे म्हणजे काटे. पीठ सैल झालं की ते बसतात, घट्ट झालं की तुटतात. म्हणजे नळीचा छेद गोल नको, चांदणीचा हवा, आणि कोपरे जागोजागी किंचित खरबरीत हवेत. वेढे तीन, शेवट आधीच्या वेढ्यावर दाबलेला.

दुरुस्तीला दीड तास लागला. पडद्यावर चकली एकूण दोन सेकंद दिसते, पण काकूंचं गिऱ्हाईक नेमकं तेच दोन सेकंद पाहणार आहे. करंज्यांची मुरडही त्यांच्याकडूनच तपासून घेतली. ती पहिल्याच फटक्यात पास झाली.

४ ऑक्टोबर

रंग. केशरी लखू पेटवला की फिकट होतोय, पिकलेल्या पपईला दूध घातल्यासारखा. दिव्याचा जोर वाढवला तर आणखी फिकट. कागदाचा रंग भडक केला, तरी तेच. संध्याकाळपर्यंत कागदाशी झगडत बसले, आणि दोष कागदाचा नव्हताच.

ब्लेंडरच्या ४.० पासून रंग दाखवण्याची पद्धत मुळात 'एजीएक्स' वर ठेवलेली असते. ती खूप उजळ रंगांना पांढऱ्याकडे नेते. बाहेरच्या दृश्यांसाठी ते चांगलं दिसतं, पण इथे रंगीत कागदातून येणारा उजेड हेच सगळं काही आहे. 'स्टँडर्ड' करून पाहिलं तर रंग मिळाला, पण दिव्याजवळचा भाग सपाट, एकच रंग फासल्यासारखा झाला. शेवटी एजीएक्सच ठेवलं, त्यातला जास्त गडद-उजळ फरक दाखवणारा पर्याय घेतला आणि आतल्या दिव्याचा जोर निम्म्याहून कमी केला. त्याऐवजी भोवतालची पहाट अधिक काळोखी, निळसर केली. कंदील उजळ दिसायला हवा तर भोवती अंधार पाहिजे. मी उलटं करत बसले होते.

७ ऑक्टोबर

काल रात्री पहिल्यांदा पूर्ण रेंडर लावलं, म्हणजे प्रत्येक फ्रेमचं अंतिम चित्र संगणकाकडून काढून घ्यायला. वीस सेकंद गुणिले पंचवीस, ५०० फ्रेम. एका फ्रेमला चार मिनिटं. म्हणजे ३३ तास.

पहाटे साडेपाचला वीज गेली. आणि मी रेंडर थेट व्हिडिओ फाइलमध्ये लावलं होतं. फाइल अर्धवट राहिली, उघडेना. सात तास, शंभराच्या वर फ्रेम, सगळं गेलं.

प्रत्येक फ्रेम वेगळं चित्र म्हणून साठवायची, हे मला माहीत आहे, इतरांना सांगितलेलंही आहे. चाचणीसाठी व्हिडिओ ठेवला होता तो बदलायचा राहिला. वेगळी चित्रं असती तर एकच फ्रेम गेली असती. आज सकाळी यूपीएस घेतला, ६,८०० रुपये. तो पंधरा-वीस मिनिटं धरतो, नीट थांबवून बंद करायला तेवढं पुरतं.

वेळही कमी करायचा होता. कॅमेरा हलत नाही, मग मागची भिंत, कट्टा, कुंडी ५०० वेळा कशाला काढायची? मागचं एकदाच काढलं आणि लखू पारदर्शक पार्श्वभूमीवर वेगळा. फ्रेमला एक मिनिट चाळीस सेकंद. एकूण चौदा तासांच्या आत.

८ ऑक्टोबर

दोन्ही थर एकत्र जोडले आणि पाहताच काहीतरी खटकलं. तीनदा पाहिल्यावर कळलं, लखू झोका घेतोय पण भिंतीवर पडलेला त्याचा उजेड जागचा हलत नाही. मागचं चित्र एकदाच काढलं ना! त्या एका गोष्टीमुळे लखू भिंतीपुढे नसून भिंतीवर चिकटवल्यासारखा दिसत होता.

भिंत दोनदा काढली, एकदा लखूच्या उजेडाशिवाय, एकदा त्या उजेडासकट. दोन्हींतला फरक म्हणजे निव्वळ उजेडाचा थर. तो वेगळा ठेवून लखूच्या झोक्याबरोबर डावीकडे-उजवीकडे सरकवला. कडा मऊ असल्यामुळे सरकवलेला कळत नाही. लखू कट्ट्याकडे वाकतो तिथे उजेड थोडा वाढवला. पुन्हा ३३ तासांकडे जावं लागलं नाही.

आणखी एक. हालचाल दोन-दोन फ्रेम धरून ठेवली की कागदी, हाताने केल्यासारखी दिसते, म्हणून सगळीच तशी केली होती. जोरात झोका घेताना लखू धडधडत पुढे जायला लागला. झोका आणि झिरमिळ्या प्रत्येक फ्रेमला हलवल्या. डोळे आणि पापण्या मात्र दोन-दोनवरच ठेवल्या. तिथे तो खडबडीतपणा हवासा वाटतो.

१० ऑक्टोबर

आवाज. रात्री दोनला स्वयंपाकघरात, पंखा आणि फ्रिज बंद करून. झिरमिळ्यांसाठी पतंगी कागद फार हळू वाजतो, जिलेटिनचा फार कर्कश. शेवटी पतंगी कागदाच्या पट्ट्या आणि त्यांत एकच जिलेटिनची पट्टी, काठीला बांधून हलवल्या. झाकणाचा आवाज काकूंच्याच पत्र्याच्या डब्याचा. लखूच्या प्रत्येक झोक्याच्या टोकाला दोरीची बारीक करकर दिली. ती दिल्यावर त्याला वजन आलं.

संगीत म्हणून सनई घातली होती, ती काढली. सनई सुरू झाली की लग्न वाटतं. पहाटेची शांतता, लांबून एक फटाका, बादलीत पाणी पडल्याचा आवाज. पुरे. बाईच्या आवाजातली ओळ छोट्या स्टुडिओत घेतली, स्टुडिओ ४,५००, आवाज ५,०००. ओळ एवढीच : "उठा, फराळ तयार आहे." काकूंनी स्वतः म्हणून दाखवली होती, तशाच लयीत म्हणवून घेतली.

१२ ऑक्टोबर, दसरा

संगणकाची पूजा झाली, पण तो बंद करता आला नाही. उभी आवृत्ती राहिली होती.

आडव्या चित्राच्या कडा कापून उभं करणार होते. पण डबा उजवीकडे, लखू डावीकडे, कापलं की एक जातो. थर वेगळे असल्यामुळे लखू उचलून डब्याच्या वर आणता आला, उंच भिंतीपुढे. टांगलेल्या पात्राला उभी चौकट फारच मानवते, आडव्यापेक्षा हीच बरी दिसते. मात्र वर बरीच मोकळी जागा राहिली म्हणून मी दोरी चौकटीच्या वरपर्यंत ताणली, आणि २६ तारखेचीच चूक पुन्हा झाली : लांब दोरी, ३२ फ्रेमचा हेलकावा. लगेच खोटं वाटलं. वर एक लाकडी तुळई काढली, तिला खुंटी, तिथून पुन्हा ४० सेंटिमीटर. तुळईच्या वर काकूंचं नाव. खालचा भाग मोबाइलवर मजकूर आणि बटणांखाली झाकला जातो, म्हणून डबा त्याच्या बराच वर घेतला.

१४ ऑक्टोबर

दिलं. काकूंनी खालच्या मावशींनाही वर बोलावलं. चकली दिसली तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "आपलीच आहे." मुलगा हात वर करून चकली लखूला दाखवतो तिथे काकू काही बोलल्या नाहीत, पुन्हा लावायला सांगितलं.

एक बदल मागितला, डब्याच्या झाकणाला पोचा हवा. त्यांच्या डब्याला आहे. संध्याकाळी करून दिला.

२८ ऑक्टोबर, वसुबारस

हिशेब. आलेले ८५,०००. गेलेले : सांगाडा १२,०००, यूपीएस ६,८००, आवाज ५,०००, स्टुडिओ ४,५००, कंदिलाचं सामान ६४०. एकूण २८,९४०. उरले ५६,०६०. माझे तास २१० भरले, म्हणजे तासाला २६७ रुपये. वीज धरलेली नाही. हात-पाय लावले नसते तर निदान चाळीस तास वाचले असते. पुढच्या वेळी खरी वस्तू आधी करणार, टांगणार, एक दिवस नुसती पाहणार, आणि मग संगणक उघडणार.

३१ ऑक्टोबर, नरकचतुर्दशी

पहाटे पाचला मामाचा कंदील गॅलरीत लावला, कापलेल्या डोळ्यांसकट. समोरच्या वाड्यातला एक मुलगा अंगाला तेल लावलेल्या अवस्थेत जिन्यात येऊन त्याच्याकडे पाहत होता, आई हाका मारेपर्यंत.

वारं बरं होतं. मोबाइलवर टिपून घेतलं आणि नंतर फ्रेम मोजल्या. खऱ्या झिरमिळ्या अंगापेक्षा सहा-सात फ्रेम मागे राहतात. मी चार ठेवल्या होत्या. मूळ फाइलमध्ये बदलून ठेवलं आहे.